नळाला बांधलेली तार

मिस्त्रींनी रेडिओच्या मागची केबल ओढून काढली, आणि तिच्या टोकातून चट्टकन ठिणगी उडून त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी दात आवळले, पण केबल सोडली नाही. खिडकीत काचेची रिकामी बरणी होती. केबलचं टोक तिच्यात सोडून मगच त्यांनी बोट तोंडात घातलं.

मेहुणा दारात उभा होता. त्याच्या एका हातात चपला होत्या, दुसऱ्यात हेल्मेट.

"हे रोजचं आहे का, दाजी?"

"रोज नाही. कोरडा वारा सुटला की."

"आणि बरणी?"

"तुझ्या बहिणीची रीत. आभाळ भरून आलं की केबल काढायची आणि बरणीत ठेवायची. बरणीत असली की ती कुठे झेप घेत नाही, म्हणायची."

मेहुण्याने खिडकीतून वर पाहिलं. आभाळात टेकडीमागे शेवाळी रंगाचा एकच ढग होता, तोही जायच्या घाईत असल्यासारखा.

"एवढ्याशा ढगाला?"

"आत्ता एवढासा आहे."

मेहुणा वीज खात्यात लाइनमन होता. उभा जन्म खांबावर काढलेला माणूस, त्यामुळे जमिनीवर चालताना तो जरा अवघडल्यासारखा दिसे. बहीण गेल्यापासून तो दोनदाच या घरात आला होता. आज आला तो भाचीने पाठवलं म्हणून. भाचीचे दिवस भरत आले होते. तिला वडील जवळ हवे होते, आणि वडील फोनवर एकच वाक्य बोलत होते. वादळाचे दिवस आहेत, मी निघालो तर केबल कोण काढणार?

"ती म्हणाली, मामा, सरळ गाडीत घाला आणि घेऊन या," मेहुणा म्हणाला. "मी म्हटलं, तुझा बाप म्हणजे काय सिलिंडर आहे, उचलून टाकायला?"

"वीज पडली म्हणजे? घर जाईल."

"मग छतावरची एरियल उतरवू. मी आत्ता वर चढतो. चहा होईपर्यंत खाली."

"एरियल उतरवायची नाही."

मिस्त्री हे मोठ्याने बोलले नाहीत. पण मेहुण्याने हातातल्या चपला खाली ठेवल्या आणि मुक्काम करायला आल्यासारखा खुर्चीवर बसला.

रेडिओ बहिणीचा होता. गाण्याबातम्यांचा नव्हे, बोलायचा. त्याचं लायसन तिच्या नावावर होतं, आणि परीक्षा देऊन ते मिळवलं होतं तिने. दिवसभर ती लोकांचे कपडे शिवायची आणि संध्याकाळी शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर हा डबा चालू करून लांबलांबच्या माणसांशी बोलायची. कोणी दीपगृह सांभाळणारा, कोणी बेकरीवाला, कोणी गुरांचा डॉक्टर. तोंड कोणीच कोणाचं पाहिलेलं नाही. हवेवर त्यांनी एकमेकांना टोपणनावं दिलेली होती. तिला सगळे 'सुई' म्हणत.

"लहानपणी ताईने मला तार बांधायला झाडावर चढवलं," मेहुणा म्हणाला. "तेव्हाचा जो वर चढलोय, अजून उतरलेलो नाही. बरं, ते जाऊ दे. हिचं अर्थिंग कुठे आहे ते दाखवा. अर्थिंग नीट असेल तर एवढी ठिणगी यायला नको. वाऱ्याने, धुळीने तारेवर वीज साठते, ती गुपचूप जमिनीत उतरायला हवी. उतरत नाही म्हणून तुमच्या बोटावर उतरते."

"आहे ना अर्थिंग. तिनेच केलंय."

खिडकीबाहेर भिंतीवर एक डबी होती. छतावरून आलेली केबल तिच्यात शिरून मग घरात येत होती, आणि डबीच्या पोटातून एक हिरवी तार भिंतीवरून खाली जाऊन न्हाणीघराच्या भोकातून आत गेली होती. मेहुणा तारेवर बोट ठेवून चालत गेला. न्हाणीघरात तो गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला, आणि टॉर्च तोंडात धरून मान नळामागे घातली.

मग त्याचे खांदे हलायला लागले. त्याने टॉर्च तोंडातून काढली, कारण तोंडात टॉर्च धरून हसता येत नव्हतं.

"दाजी! अहो दाजी!"

"काय झालं?"

"हा नळ कोणी घातला?"

"मी घातला. जुना लोखंडी झिरपत होता. टाकीपासून इथवर सगळा बदलला, थंडीत."

"प्लास्टिकचा घातला."

"मग आता लोखंडी कोण घालतं?"

"आणि ही अर्थिंगची पट्टी परत प्लास्टिकच्या नळाला आवळली!"

मिस्त्री दारात तसेच उभे राहिले. गावातल्या निम्म्या घरांचं पाणी त्यांच्या हाताने चढलेलं होतं. नळ बदलला तो दिवस त्यांना चांगला आठवत होता. बायकोला जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि नुसतं बसवत नव्हतं. जुना नळ कापताना ती पट्टी हाताशी आली. ही तिने बसवलेली, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी ती पॉलिश पेपरने घासली, तेलाचा थेंब सोडून तिचा स्क्रू मोकळा केला, आणि नवा नळ बसल्यावर होती त्याच जागी, होती त्याच तोंडाने परत आवळून टाकली. वर हलवूनही पाहिली, घट्ट बसली की नाही ते.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," मेहुणा अजून हसत होता. "प्लास्टिकमधून वीज जाते का कुठे? आकाशात तार टांगलीय आणि खालचं टोक कशालाच नाही! ही पट्टी काय शोभेला—"

टॉर्चचा उजेड पट्टीवर पडला आणि तो थांबला. पितळेची ती पट्टी न्हाणीघरातल्या सगळ्या वस्तूंपेक्षा जास्त चकचकीत होती.

तो उठून बसला. कपाळाला लागलेलं पाणी त्याने बाहीने पुसलं.

"चालायचंच," तो म्हणाला. "माझ्या घरात बटण दाबलं की पंखा लागायच्या ऐवजी बेल वाजते. बायको रोज उद्धार करते."

मिस्त्री हसले नाहीत.

"तिच्या वेळेला?" त्यांनी विचारलं.

"तिच्या वेळेला काय?"

"ती रोज त्या खुर्चीत बसायची. कानाला हेडफोन लावून."

"तिच्या वेळेला नळ लोखंडी होता ना? जमिनीतून आलेला?"

"हो."

"मग तिच्या वेळेला सगळं ठीक होतं. एकदम ठीक होतं, दाजी. धोका होता तो तुम्हाला. थंडीपासून या घरात तुम्हीच राहताय."

मिस्त्रींनी दाराच्या चौकटीवरचा हात काढला. "मग ठीक आहे," ते म्हणाले. जणू त्यांच्या जिवाचा हिशेब यात कुठे धरायचाच नव्हता.

मेहुण्याने गाडीतून तांब्याची लांब सळई, पट्टीचं भेंडोळं आणि घण आणला. वीज खात्याचा माणूस कुठेही गेला तरी अर्धं खातं गाडीत घेऊन जातो, असं बहीण म्हणायची. खिडकीच्या बरोबर खाली जागा धरून त्याने सळई उभी केली आणि घण घातला. सळई टणकन उडाली. पुन्हा घातला. पुन्हा टण.

"दगड आहे."

"दगड नाही, जुन्या टाकीचा पाया आहे," मिस्त्री पायरीवरून म्हणाले. "तू इकडे सरक. अजून. हां. इथे ठोक."

"इथे काय आहे?"

"काही नाही, तेच तर. इथून न्हाणीचं पाणी जातं. ऐन उन्हाळ्यातसुद्धा माती ओली असते."

मेहुण्याने संशयाने सळई रोवली. घणाच्या पहिल्या घावाला ती वीतभर खाली गेली.

"वा!"

"वरचं काय असेल ते तुझं," मिस्त्री म्हणाले. "जमिनीखालचं मला विचारत जा."

मग ते स्वतःच खाली आले. सळई त्यांनी धरली, घण मेहुण्याने घातला. घण वर गेला की मिस्त्री डोळे मिटत नव्हते, आणि मेहुण्याने ते पाहिलं. दोघांचे सदरे पाठीला चिकटले. सळई हातभर उरली तेव्हा मिस्त्रींनी तांब्याची पट्टी घेतली आणि डबीपासून खाली आणत भिंतीच्या कोपऱ्यावर सुबक काटकोनात वळवली. अंगठ्याने कड दाबून साफही केली.

"नाही, नाही," मेहुणा म्हणाला. "काटकोन चालत नाही. वीज घाईत असते. असं वळण दिसलं की ती वळत बसत नाही, सरळ भिंतीत घुसते. मोठा बाक द्या."

"काटकोन पाण्यालाही आवडत नाही."

"मग आयुष्यभर का देत आलात?"

"गिऱ्हाइकाला आवडतो."

मेहुणा एवढा हसला की त्याला घणावर टेकावं लागलं. मिस्त्रींनी पट्टी सरळ केली, गुडघ्यावर घेऊन तिला हळूहळू बाक दिला आणि पुन्हा भिंतीला लावून पाहिली. मग मेहुण्याने ती सळईला आवळली, आणि तिथून आणखी एक पट्टी मीटरखालच्या घराच्या अर्थिंगपर्यंत नेऊन तीही जोडली.

"ही कशाला? एक झालं ना?"

"एका घरात दोन वेगळी अर्थिंग नसावीत. वीज आली की दोघांची जुंपते, आणि ती जुंपते घरात. त्यापेक्षा दोघांना आधीच एका दावणीला बांधायचं."

शेवटी त्याने डबीशेजारी एक मोठा खटका बसवला. खटका वर केला की एरियल रेडिओला जोडलेली. खाली पाडला की रेडिओ सुटला आणि एरियल सरळ जमिनीला.

"घराबाहेर जायचं असलं की खाली पाडायचा. मग बरणी नको, केबल नको, राखण नको. उद्या प्रत्यक्ष डोक्यावर पडली तर मी कशाचीच हमी देत नाही, ती कोणाचा बाप देत नाही. पण तिला घरात शिरण्यापेक्षा बाहेरून जाणं सोपं करून ठेवलंय. झालं. आता पिशवी भरा."

मिस्त्री नळाखाली हात धूत होते. बोटांच्या बेचक्यातली माती गेली, नखांतली गेली, तरी ते धूतच राहिले.

"मला नाही जमणार," ते म्हणाले.

"आता काय राहिलं?"

"संध्याकाळी हजेरी असते."

"कोणाची?"

"तिची."

मेहुण्याने पाना खाली ठेवला.

मिस्त्रींना हे सांगता येईल असं वाटलं नव्हतं. एकदा तोंड उघडल्यावर ते साधं निघालं. रोज संध्याकाळी ते सगळे रेडिओवर जमतात. एक निवृत्त मास्तर आहेत, ते एकेकाला नावाने पुकारतात आणि जो तो आपण असल्याचं सांगतो. ती गेल्याचं त्यांना कळवलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिला पुकारलं. सुई. थांबले. पुन्हा पुकारलं. सुई. थांबले, आणि मग पुढचं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशीही तेच. यादीतून नाव काढायला कोणाचं मन होत नसावं.

"मला उत्तर देता येत नाही. लायसन तिचं. आणि देऊन काय सांगणार? पण कोणी हाक मारतंय आणि घरात कोणीच नाही, हे बरं दिसत नाही. म्हणून बसतो. पुकारून झालं की उठतो."

"रोज?"

"रोज. वारे सुटल्यापासून नुसती खरखर असते. नावं कळतच नाहीत. मास्तरांचा आवाज तेवढा येतो तुटक तुटक. तरी त्या वेळेला बसतो अंदाजाने."

"हे पोरीला माहीत आहे?"

"तिला कशाला? ती घाबरेल. म्हणेल, बाबांचं डोकं फिरलं."

मेहुण्याने डबीचं झाकण उघडलं, आतले स्क्रू एकदा आवळले होते ते पुन्हा आवळले, आणि झाकण लावलं.

"किती वाजता असते?"

"उन्हं गेली की."

टेकडीमागचा ढग तोवर रुंद झाला होता, पण गडगडाट नव्हता. नुसता वारा होता. समोरच्या दुकानाची ताडपत्री फडफडत होती आणि रस्त्यावरची धूळ उठून खिडकीच्या काचेवर येत होती. अशा वाऱ्यात रोज रेडिओ कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतडायचा. मिस्त्रींनी खटका वर केला, केबल बरणीतून काढून जागेवर बसवली. ठिणगी आली नाही. त्यांनी उगाच एकदा बोटाकडे पाहिलं.

ते खुर्चीत बसले. मेहुण्याला त्यांनी शिलाई मशीनचं स्टूल दिलं. हेडफोन काढून ठेवला, म्हणजे दोघांना ऐकू येईल. बटण फिरवलं.

आधी वाटलं, बंदच पडला. कुठेच काही नव्हतं. मग त्या शांततेत कोणीतरी खोकलं, अगदी जवळ, मधल्या खोलीत खोकल्यासारखं. मेहुण्याने दचकून मागे पाहिलं.

"मास्तर," मिस्त्री हळूच म्हणाले.

"शुभ संध्याकाळ मंडळी," मास्तर म्हणाले. त्यांच्या मागे कुठेतरी नळ वाहत होता. त्यांनी माइक बाजूला न करताच "अगं, तो बंद कर की!" असं कोणाला तरी सांगितलं, आणि पुकारायला सुरुवात केली.

"दीपगृह."

"आहे. समुद्र खवळलाय, पण मी आहे."

"बेकरी."

"आहे मास्तर. हात पिठात आहेत, कोपराने बटण दाबलंय."

मिस्त्री सावरून बसले. पाय जुळवले, हात गुडघ्यांवर ठेवले. बेकरीनंतर तिचं नाव.

"डॉक्टर," मास्तर म्हणाले.

"आहे. गाय व्यालीय, आत्ताच आलो."

मास्तर थांबले नव्हते. बेकरी आणि डॉक्टर यांच्यामध्ये एका श्वासाइतकीच जागा होती, इतर कोणत्याही दोन नावांमध्ये असते तेवढीच. पुढची नावं आली. जो तो आपापल्या परीने आहे म्हणाला. मास्तरांनी मुळीच अडखळल्यासारखं केलं नाही, म्हणजे हे आजचं नव्हतं. बऱ्याच दिवसांचं असावं. कदाचित त्या खरखरीआडून मिस्त्री कितीतरी संध्याकाळी नसलेल्या हाकेसाठी बसले होते.

मेहुण्याला त्यांच्याकडे बघवेना. तो मशीनच्या चाकाकडे बघत राहिला.

"दाजी, मी त्यांना कळवतो," तो शेवटी म्हणाला. "आमच्या खात्यात एकाकडे असा रेडिओ आहे. त्याच्याकडून निरोप देतो. नाव असं काढायचं म्हणजे काय! निदान विचारायचं तरी."

"नको."

"अहो, पण—"

"नको म्हटलं ना." मिस्त्रींनी गुडघ्यांवरचे हात उचलले आणि खुर्चीत मागे टेकले. खुर्ची करकरली. इतक्या दिवसांत त्यांनी तिच्या पाठीला पाठ लावलीच नसावी. "रोज दोनदा हाक मारायचे रे. दोनदा. ती कधी कोणाला दोनदा हाक मारायला लावायची का?"

मेहुण्याने मान हलवली. "पहिल्या हाकेलाच ओ. घरात कोणालाही मारलेली असो."

"तेच म्हणतो मी. मला रोज वाटायचं, ती तिथे उभी आहे, सगळे तिच्याकडे बघतायत आणि तिला ओ देता येत नाही." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "सुटली बिचारी. बरं केलं त्यांनी."

हजेरी संपली की मिस्त्री रोज रेडिओ बंद करत. आज त्यांचा हात तिकडे गेला नाही. लोक आपापलं सांगत होते. बेकरीवाल्याच्या नव्या भट्टीचं दार नीट लागत नव्हतं. दीपगृहवाल्याने त्यावर एक उपाय सांगितला, तो इतका खुळचट होता की डॉक्टर हसायला लागला, आणि मग मास्तरही. त्यांचं हसणं खोलीभर आलं, आणि बाहेर धूळ उडत असूनही त्यात एक तडतड नव्हती.

"काय स्वच्छ येतंय," मेहुणा म्हणाला.

"तुझं काम चांगलं आहे."

"जागा तुम्ही दाखवलीत."

मग बराच वेळ दोघं ऐकत बसले. अंधार पडायला लागला तेव्हा मिस्त्री उठले. रेडिओ बंद केला, खटका खाली पाडला, आणि फोन घेऊन खिडकीशी गेले. लेकीने पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा? काय झालं? मामा पोचला ना?"

"पोचला. काम करून घेतलं त्याच्याकडून. तुझं काय? पाय सुजलेत का?"

"थोडे. बाबा, मामाने तुम्हाला सांगितलं का, की—"

"ते राहू दे. मला एक सांग. तुमच्याकडे वरच्या मजल्यावर पाणी कसं चढतं?"

"पाणी?" लेक गोंधळली. "सकाळी अगदी बारीक येतं. बादली भरायला तास लागतो. का?"

"आणि न्हाणीतला नळ? गळतो?"

पलीकडून लेकीचा आवाज आला, तो जरा ओला होता आणि जरा हसरा.

"गळतो ना. रात्रभर टपटप करतो. झोपू देत नाही."

"बाळाच्या घरात असला नळ चालत नाही," मिस्त्री म्हणाले, आणि मेहुण्याकडे वळून त्यांनी हाताने पलंगाखालच्या हत्यारांच्या पेटीकडे खूण केली.